अकरावा रकाना

नारिनच्या बाजारामागे, बूट शिवणाऱ्याला लागून माझं दुकान:
एक टेबल, एक प्रिंटर, एक गोल शिक्का.
दाखल्यांचं भाषांतर करून मिळेल.
पानाला दोनशे सोम.
शिष्यवृत्तीवाल्या पोरांना दीडशे, पण ते कुठे लिहिलेलं नाही.

डिसेंबरात रांग लागते.
सगळ्या मुदती जानेवारीत संपतात,
जणू जगभरच्या विद्यापीठांनी ठरवूनच टाकलंय
की खिंडी बंद झाल्यावर आमची मुलं आठवायची.

तोलोगोन आला त्या दिवशी पारा वजा सत्तावीस.
गुणपत्रकं कोटाच्या आत, स्वेटरच्या आत, पोटाशी धरलेली.
एकोणीस वर्षं कागद हाताळतेय मी,
कोमट कागद तेवढे पहिल्यांदाच हातात आले.

त्याला हंगेरीत जाऊन पाणी शिकायचं होतं.
पाणी म्हणजे हिमनद्या, धरणं, नळ, सगळंच.
फी माफ, राहणं फुकट, महिन्याला हातखर्च;
विमानाचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं.
हे शेवटचं मुंगीएवढ्या अक्षरात होतं.
मी मोठ्यानं वाचलं. वाचावं लागतं.

घोडं अडलं ते अकराव्या रकान्यात.
कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न, आकड्यात.
आई नमदे करते, म्हणाला.
यंदा किती विकले?
दोन. एक मावशीला दिला, तो धरायचा का?
मेंढ्या एकवीस, पण वसंतात किती उरतील कोण सांगणार.
आणि घोडं?
ते तर खरंच अडलंय, ऑक्टोबरपासून, पाय मोडून.

पुष्कळ वेळ हिशेब केला आम्ही.
आकडा इतका लहान निघाला
की त्यानं तो पंजाखाली झाकला.
जरा वाढवून लिहूया का, लाज वाटते.
वेड्या, इथेच तर गरिबीचे गुण मिळतात,
म्हणून गेले मी, आणि जीभ चावली.

निबंधाचा विषय: संकटावर तुम्ही कशी मात केलीत.
पाचशे शब्द.
त्यानं लिहिलं होतं, नदी गोठली की भोक पाडून पाणी कसं काढतात;
पण संकट म्हणून नाही.
बर्फाखालून पाणी कसं बोलतं, आणि फेब्रुवारीत त्याचा आवाज
कसा जाड होतो, एवढंच.
मी एकही शब्द फिरवला नाही.
फिरवायला हवा होता का, ते मला अजून कळलेलं नाही.

एप्रिलात तो आईला घेऊन आला.
बुरुलकाननं वाळलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली.
तुम्ही वाचा, म्हणाला, तुमच्या शिक्क्यावर तिचा विश्वास आहे.
त्याला मजकूर आधीच ठाऊक होता;
नजर बुटांवर, आणि बुटांतून चिखलाचं पाणी फरशीवर.

'आम्हांला कळवण्यास खेद होतो.'
भाषांतर करणाऱ्यानं पदरचा शब्द घालायचा नसतो.
मी घातला नाही. नाही म्हणालेत, सांगितलं.

ती म्हणाली, सही कुठंय?
सही नव्हती. छापील नाव होतं.
तिनं कागद उजेडात धरला, मागूनही पाहिला.
म्हणजे अजून कुणा माणसानं नाही म्हटलेलं नाही,
असं म्हणून तिनं श्वास सोडला,
आणि मला पत्राचं भाषांतर करायला सांगितलं,
शिक्क्यासकट. दाखल्यांसोबत ठेवायला.

टाईप करून दिलं. दीडशे म्हणाले.
तोलोगोननं दोनशे मोजले.
आता मी शिष्यवृत्तीवाला नाही ना.

कुठून कळलं होतं त्याला, देव जाणे.
पन्नासची नोट परत सरकवली, तर त्यानं ती टेबलावरच राहू दिली.
गेल्यावर मी तिची घडी करून प्रिंटरखाली ठेवली.
त्याचा एक पाय आखूड आहे.
डिसेंबरपर्यंत तिथेच असेल.