वाल्व

लहरीपुरा दरवाजाजवळ माझं सायकलींचं दुकान.
चाळीस वर्षं हवा फुकट भरली,
पैसे घेतले ते पंक्चरचे.
अठ्ठावन्नाव्या वर्षी रावपुऱ्यातले दोन जिने चढलो
आणि कुमुदिनीबाई पागनिसांना म्हणालो,
मला गाणं शिकवा.
त्या म्हणाल्या, आधी धाप तर ओसरू दे.

काळी एक. सा.
अकराव्या आकड्याला माझा सा
विरलेल्या धोतरासारखा टरकायचा.
भिंतीवरचं घड्याळ पुढे जायचं,
मी मागे, डोळे वटारून.

खांदे काय उचलतोस, बाई म्हणायच्या,
तिथे काय पिशवी अडकवायची आहे?
बरगड्यांना सांग, सरका जरा,
पाहुणा आला की बाकावर सरकतो तसं.
सरकलो.
बारा.

पहाटे कमाटीबागेत पावलं मोजत चाललो.
दुपारी दुकानात, गोणपाटावर उताणा पडून
पोटावर उधारीची वही ठेवली.
वही वर जायची, खाली यायची,
तीन महिन्यांची येणी मी निव्वळ श्वासावर उचलत होतो.
शेजारचा फरसाणवाला विचारायचा, तबियत सारी छे ने?
छे, भाई, छे.
पण बाराचे तेरा होईनात.

मग एका मंगळवारी
रमणीकभाई तीच सायकल घेऊन तिसऱ्यांदा आले.
रोज भरतो, रोज उतरते.
ट्यूब काढली, पत्र्याच्या टबात बुडवली,
वीतवीत फिरवली, कान लावला.
एक बुडबुडा नाही.
ट्यूब पुन्हा चढवली, हवा भरली,
आणि सवयीने, काही न ठरवता,
थुंकीचं बोट वाल्ववर टेकवलं.
एक फुगा आला. तुरीच्या डाळीएवढा.
थांबला. फुटला. दुसरा आला.
रबराचा तो इवलासा तुकडा
कधीचा विटून गेला होता.

संध्याकाळी बाईंना हे सांगितलं,
नुसतं सांगायचं म्हणून.
त्या हसल्या नाहीत.
तळहाताची मागची बाजू ओली कर म्हणाल्या,
धर तोंडासमोर. लाव सा.

गार लागलं आधी.
सा आला नंतर.

पुन्हा लावला. पुन्हा आधी गार.
म्हणजे मी गायला लागायच्या आत
निम्मं गाणं हातावर सांडत होतो,
बाईंना भिऊन, घड्याळाला भिऊन,
जिन्यात भेटणाऱ्या त्या अकरा वर्षांच्या मुलीला भिऊन,
जिचा सा पंचवीस जातो आणि जी मला आजोबा म्हणते.
आणि शोधत होतो कुठे?
पोटात, बरगड्यांत, पार बेंबीत.
ट्यूब शाबूत होती हो.

मग पंधरा दिवस
फक्त दाराशी थांबणं.
श्वास भरून उंबऱ्यावर उभं राहायचं,
ढकलायचं नाही, धरायचंही नाही,
आवाजानेच कडी काढायची.
हे लिहिलंय तितकं सोपं नाही.
कधी कडी निघते, कधी दारच निघून हातात येतं.

परवा एकोणीस झाले.
मी विसाव्यासाठी जीव काढत होतो, मान लाल,
तर बाईंनी पेटीचा भाता मिटला.
सगळी नको रे संपवूस, म्हणाल्या,
थोडी हवा आत राहू दे.
गाणं झाल्यावर
घरी जायलाही लागते.