हौद

शनिवारी दुपारी आम्ही हौद भरला होता.
व्यासपीठाखालच्या फळ्या उचलल्या,
पांढऱ्या टाइल्स राखेनं घासल्या,
कॉर्पोरेशनच्या नळाला पाइप लावला, चार तास.
रविवारी तिघांचा बाप्तिस्मा होता:
केतुरा रणभिसे, तिचा मामा,
आणि फतेहगंजात पंक्चर काढणारा जयेश मेकवान,
ज्याला पाण्याची भीती वाटते
आणि जो हे माझ्याशिवाय कुणाला बोलला नव्हता.

रात्री आजव्याचे दरवाजे उघडले.
विश्वामित्री आधी शाळेच्या पटांगणात आली,
मग पेट्रोलपंपावर,
पहाटे आमच्या तिसऱ्या पायरीशी थांबली,
‘आत या’ म्हणायची वाट बघणाऱ्या बाईसारखी.
मी काही म्हटलं नाही.

बाकं एकावर एक रचली.
नऊपर्यंत आत एकशे दहा माणसं, चार शेळ्या,
एक शिलाई मशीन, जे त्याच्या मालकिणीनं
मुलासारखं चादरीत गुंडाळून आणलं होतं.
नळ बंद. वीज बंद.
संपूर्ण गल्लीत स्वच्छ पाणी
फक्त फळ्यांखाली.

उजागरेकाका खजिनदार, किल्ल्या त्यांच्याकडे.
म्हणाले, हे बाप्तिस्म्याचं आहे.
म्हणाले, मंडळीची सभा बोलवावी लागेल.
आशेर, माझा नवरा, चौदा वर्षं इथं पाळक,
दोन रात्री झोपला नव्हता,
एका पायात गमबूट, एका पायात चप्पल.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
एक पोरगी म्हणाली, बेन, पाणी.
काकांनी स्वतःच फळी उचलली,
आणि उचलताना पाठीत उसण भरली त्यांच्या,
ती अजून गेलेली नाही.

उकळून प्या, उकळून प्या, मी ओरडत राहिले.
गॅसचा एकच सिलिंडर.

तिसऱ्या दिवशी नडियादहून टेम्पो आला.
तिथल्या मंडळीची पोरं, फावडी, ब्लीचिंग पावडर,
खिचडीची दोन पातेली, आणि एक बॅनर,
जो पकडायला कुणाचेच हात रिकामे नव्हते.
सोबत फॉर्म: सभासद किती, बिगर-सभासद किती?
मी लिहिलं: सगळे ओले.
(कार्यालयातून परत आला. पुन्हा भरून पाठवला.)

पोरं घराघरांत शिरली. गाळ ओढला.
परशुराम भठ्ठ्यात एका न्हाणीत मगर निघाली,
हातभरच, पण मगरच;
वनखात्याचे लोक येईतो दोघांनी दार धरून ठेवलं
आणि मधल्या वेळात दोन स्तोत्रं म्हटली,
भीतीनं, असं नंतर कबूल केलं.

पाचव्या दिवशी हौदात बादली बुडेना.
तळाशी टाचभर उरलं होतं, तांब्यानं घ्यावं लागणार.
कुणी उतरायचं?
जयेश उतरला. शर्ट न काढता, पायऱ्या मोजत,
कठडा घट्ट धरून, आणि तिथं घोट्याएवढंच पाणी.
वर तांब्या देताना मला म्हणाला,
आंटी, हे मोजायचं नाही हं.
नाही रे, म्हटलं.

त्या रविवारी आशेरचा उपदेश चार वाक्यांचा झाला.
तिसऱ्यावर त्याला खोकला आला.

मग नळ आले, महिना गेला.
गीतपुस्तकांना वास तसाच राहिला.
एका संध्याकाळी चंपूताई शिर्के आल्या, मागच्या चाळीतल्या,
चर्चची पायरी आधी कधी न चढलेल्या.
कमरेवर घासून लखलखीत केलेली तांब्याची कळशी.
म्हणाल्या, उसनं नेलं होतं. कुठं ओतू?
मी साखरेसारखं घेऊन आत ठेवणार होते,
मग फळ्या उचलल्या.
कोरड्या टाइल्सवर एक कळशी पाणी पसरलं,
कोपऱ्यात जाऊन बसलं.

उजागरेकाकांनी चष्मा लावून वहीत नोंद केली:
जमा, पाणी, कळशी १.
पावती फाडली.
चंपूताईंनी ती चोळीत खोचली
आणि विचारलं, तो पंक्चरवाला पोरगा कुठंय,
सायकल बसली आहे माझ्या नातवाची.