शेऱ्याचा रकाना

रात्री अकराला थ्री-फेज वावराकडे जाते,
गल्लीला उरतो पिवळा, लंगडा व्होल्टेज.
तेवढ्यावर मी चालवतो
कुठल्याशा थंड देशातलं डांबर.
स्टिअरिंग सेकंडहँड,
आधीच्या मालकाच्या अंगठ्यांनी गुळगुळीत झालेलं,
पलंगाच्या लोखंडी दांडीला आवळलेलं.

तिसऱ्या वळणावर गाडी ऐकत नाही.
हात वळतात, नाक सरळच,
गोठा दिसलेल्या गाईसारखं.
पुढचा अँटी-रोल बार सैल केला
तर नाक आलं आत
आणि शेपूट गेलं कुंपणात.
स्प्रिंग बदलली. हवा बदलली. पंख उभा केला.
रागाच्या भरात सगळंच बदललं.

प्रणोती दुधाच्या जुन्या वहीत लिहिते.
लिटरच्या रकान्यात लॅपचा वेळ,
फॅटमध्ये पुढची हवा,
डिग्रीत मागची.
"एका टायमाले एकच बदलत जाय ना भाऊ,
दोन बदलले त समजन कसं
कोनानं काय केलं थे?"

सकाळी लुनावर दोन कॅन, आर्वीची डेअरी.
एक काठोकाठ, तो मुका.
दुसरा निम्मा, तो कालव्याच्या वळणावर बोलतो:
दूध आधी पुढे धावतं, मग बाजूला,
आणि परत येतं तेव्हा
सगळ्यात जोरात ओढतं.
आठ वर्षं हे वळण घेतोय.
आज पहिल्यांदा पाहिलं
की मी ब्रेक एकदम सोडतच नाही,
बोटं एकेक करून उठतात,
झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून उठावीत तशी.

तिसरं वळण मी पायानंच बिघडवत होतो.

मग तीन रात्री, तीन बदल.
मागच्या चाकांना टो-इनची एक टिचकी.
डिफरन्शियल, पाय उचलल्यावर, जरा बांधून.
तिसरा बदल चुकला, तो परत फिरवला.
आणि ब्रेक सोडायचा
निम्म्या कॅनच्या हिशेबानं.

वीस लॅप.
तिसरं वळण आलं, गेलं,
आलं, गेलं.
चारही टायर स्क्रीनवर हिरवे,
माझे खांदे कधी खाली आले कळलं नाही.
बाहेर कोणाची तरी मोटर पाणी ओढत होती,
एकसारखी.

प्रणोती डुलकीतून उठली.
"काय झालं?"
"काहीच नाही."
"मंग हसतं काहून?"

तिनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
काहीच झालं नाही.
मग सवयीनं खाली रेघ ओढली
आणि वीसही लॅपची
बेरीज करायला बसली.