बाटली क्रमांक सतरा

रविवारी सकाळी साडेसहाला
अशोक चौकाच्या मागच्या पुलावरून
मी दोरीनं बादली खाली सोडते.
जाणारा एखादा थांबतो, विचारतो,
बाई, काही पडलं काय?
पडलं, म्हणते मी.
काय ते सांगेपर्यंत सिग्नल सुटतो.

एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
मी परीक्षानळ्या धुतल्या,
दुसऱ्यांचे प्रयोग संपल्यावर.
आता वही माझी, रकाने माझे:
तापमान, रंग, वास.
वासासमोर आधी मी नुसतं 'दुर्गंधी' लिहायची.
एकच शब्द असला की ऑफिसात सगळ्यांना सोपं जातं.
आता लिहिते:
मंगळवारी रंगाऱ्याच्या हौदाचा,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जळक्या तेलाचा,
आज काहीच नाही, आणि त्याचीच भीती वाटली.

सुजल निखारे, आठवी ब, चकती धरतो.
चकती म्हणजे पेंटच्या डब्याचं पांढरं झाकण,
त्यावर काळ्या रंगाचे दोन पाचर.
ती पाण्यात दिसेनाशी होते तिथं दोरीला गाठ मारायची.
आमची गाठ वितीपलीकडे कधी गेली नाही.
"काकू, माहं नाव ठेवलं तवा
आईनं हे पाह्यलं नव्हतं काय?"
पाह्यलं होतं रे. रोज पाहते.
म्हणूनच ठेवलं असेल.

झोन ऑफिसच्या फाइलीत ती 'नाला' आहे.
नाल्याला काठ नसतो,
उगम नसतो, माहेर नसतं.
नाल्याला लांबी असते
आणि मे महिन्यात गाळ काढायचं टेंडर.
मी अर्ज दिला: नदी लिहा.
साहेब म्हणाले, पुरावा?

मग शेवंताबाई बावणेंना रिक्षात घालून आणलं,
पारडीहून, दीडशे रुपये भाडं.
त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या:
"झिंगे होते, साहेब. वाम होती, मरळ होती.
माहा बाप इथं पागर फेकत होता.
नाल्यात कोणी पागर फेकते काय?"
साहेब म्हणाले, लेखी द्या.
शाईचा अंगठा टेकवून झाल्यावर
त्यांनी तो पदराला पुसला नाही,
बोटं फाकवून हवेत धरला,
मासा साफ केल्यावर धरतात तसा.

त्याच दिवशी बाटली क्रमांक सतरा
मी साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.
झाकण घट्ट, वर तारीख आणि वेळ.
म्हटलं, काही करू नका, नुसती समोर असू द्या.

तीन आठवड्यांनी गेले तर टेबल चकचकीत.
बाटली खिडकीत,
आणि गोमाजी शिपायानं तिच्यात
मनीप्लांटची फांदी खोचलेली.
"खताचं पाणी होतं, बाई," तो ओशाळून म्हणाला,
"फेकून कसं देऊ?"
नमुना बाद झाला होता.
ओरडायलाच तोंड उघडलं होतं मी.
मग पर्समधली पट्टी काढून मुळं मोजली.
साडेतीन सेंटिमीटर, पांढरी, एक दोन फाटे फुटलेले.
कुठल्या रकान्यात लिहावं कळेना,
तर समासात लिहिलं.

परवा पत्र आलं. जावक क्रमांक, शिक्का, सही.
विषय: नाग नाला (नदी) बाबत.
मी ते पुलावर वाचून दाखवलं
आणि म्हटलं, बघ, कंसात घातली तिला.
सुजल दोरी उलगडत होता.
"बरं झालं ना काकू," तो म्हणाला,
"कंस आधी सोडवा लागते."

बाटली क्रमांक सव्वीस.
वास: ओल्या लोखंडाचा.
चकती: एक वीत, वर एक बोट.
बोट सुजलचं आहे,
लहान आहे,
तरी लिहिलं.