उद्यमनगर, सोमवार

सोमवारी उद्यमनगर बंद.
शटरं खाली, कॉम्प्रेसर गप्प,
फौंड्रीच्या दारात वाळूवर कुत्री निवांत.
मी जुन्या सोलापुरी चादरीत सारंगी गुंडाळतो,
एम-एटीच्या मागं ट्यूबनं आवळतो
आणि उत्तरेश्वर पेठेत, कासिमसाहेब शिकलगारांच्या
निळ्या दारापुढं गाडी स्टँडला लावतो.
वय सत्तेचाळीस. त्यातली तीस लेथवर.

पहिले सहा महिने नुसता गज.
मोकळ्या तारेवर षड्ज, जाताना एक, येताना एक.
"रंधा मारतोयस काय?
तू ओढू नको. त्याला जाऊ दे."
शेजारनं निरोप आला,
दार लई करकरतंय, जरा तेल घाला.
साहेब हसले नाहीत. राळेचा खडा पुढं सरकवला.

मग बोटं.
टोकानं नाही वाजत ही,
नखाच्या मुळाशी, कातडं जिथं नखाला धरून असतं
तिथं तार लागते.
दाबायची नाही. नुसती अडवायची,
"बाजारात ओळखीचं माणूस अडवतो तसं."
रात्री शेवंता हळद भरायची.
"तीस वर्षं मशिनीवर काढली,
एवढं रगत न्हाई बघितलं मी."

सतारीला पडदे असतात.
हिच्या अंगावर एक खूण नाही.
आणि मी मापाचा माणूस,
केसाच्या दहाव्या हिश्शाला जॉब परत घेणारा.
साहेब असरच्या नमाजाला उठले तसा
खिशातनं व्हर्नियर काढला,
घोडीपासून गंधारापर्यंत मोजलं,
पेन्सिलीनं बारीक रेघ मारली.
ते आले. बघितलं.
अंगठ्याला थुंकी लावून रेघ पुसली.
"तिथं काल होता.
आज हवा ओली हाय, तात सैल पडलीय.
आज त्याला आजच्या जागी शोध."

पौषात कातडं फाटलं. घोडी आत बसली.
मिरजेला धाडली तर तीन आठवडे,
म्हणून सुभाषनगरात, तानूबाई सातपुतेंकडं.
वेण्या, गोंडे, चपलांचे तळ, हिरड्याचा वास,
त्यातनं तिनं शेरडाची चार कातडी काढली,
एकेकावर टिचकी मारली, कान खाली नेला.
"ह्याला पाठीवर मार बसलाय, बोलणार न्हाई.
ह्ये म्हातारं.
ह्ये घे."
चपलांचं माणूस हे कुठं शिकलं, विचारायचं होतं मला.
ती म्हणाली, पैसे आधी.

ते झालं आणि एका मंगळवारी
सारंगी दुकानातच राहिली, कोपऱ्यात, उघडी.
मी पंपाचा शाफ्ट चढवला, बटण दाबलं.
कोण तरी गुणगुणलं.
बटण बंद केलं. ते थोडं मागं रेंगाळलं, मग विझलं.
परत चालू.
परत तेच.
वरच्या तीन तातींना कशाचा पत्ता नाही.
खाली, पस्तीस तरफांच्या रानात
एकच थरथरत होती, अकरावी,
तिच्यावरली धूळ नाचताना दिसत होती.

साहेब रिक्षानं आले.
लोखंडाच्या किसात चपला काढून उभे राहिले,
डोळे मिटून, छत्री काखेत.
बराच वेळ.
"कोमल निषाद," म्हणाले.
"तीस वर्षं हा तुझ्या कानाशी बसलाय
आणि माझ्याकडं येऊन दर सोमवारी
तू ह्याच्याच नावानं रडतोस?"
चहा न घेता गेले.

विश्वंभर, आयटीआयचं पोरगं,
हात पुसत मागं उभं होतं.
"मालक, त्यो आवाज मोटरच्या बेअरिंगचा हाय.
मागल्या महिन्यातच बदलायचं ठरलं व्हतं.
काढू का?"

शाफ्ट अजून चकमध्ये होता.
पाच वाजता गिऱ्हाईक येणार होतं.

राहू दे, म्हटलं.
एवढा सोमवार जाऊ दे.