येत नाही

निळा शर्ट. खाकी आम्हाला घालता येत नाही, कायद्यानंच.
तरी अक्कलकोट रोडचे दिवे लागायच्या आधी
लांबून येणारा एखादा सायकलवरून उतरतो.
जवळ आल्यावर ओळखतो,
आणि उगाच उतरलो म्हणून माझ्यावरच चिडतो.

अंबादास नरसय्या येमुल. टॉवेलचा कारखाना, गेट नंबर दोन.
बारा तास. काठी, टॉर्च, शिट्टी, चाव्यांचा जुडगा,
आणि एक रजिस्टर, ज्याच्या पहिल्या पानावर
आधीच्या वॉचमननं बॉलपेननं काढलेला गणपती.

ट्रेनिंगला ढोबळे म्हणून निवृत्त फौजदार यायचे.
भाकरी खाऊन आम्ही चाळीस जण पंख्याखाली पेंगत.
ते म्हणाले, लिहून घ्या, तुम्हाला काय काय येत नाही.
कुणाची झडती येत नाही, त्यानं हो म्हटल्याशिवाय.
बाईची तर बाईनंच घ्यायची.
मारता येत नाही. कोंडता येत नाही.
पकडता येतं, पण गुन्हा दखलपात्र पाहिजे,
बिनजामिनी पाहिजे,
आणि तुझ्या डोळ्यांदेखत पाहिजे. तिन्ही.
पकडलास की पोलिसांच्या हवाली, सहा तासांच्या आत.
मागून कोणीतरी विचारलं,
मग सर, आमच्यात आणि रस्त्यावरच्या माणसात फरक काय?
पगार, म्हणाले.
थोडं थांबून म्हणाले, तोही फार नाही.

मे महिन्यातली रात्र. पॅकिंगचा श्रीशैल,
डब्याच्या पिशवीत दोन नॅपकिन.
सेकंडचा माल, कडेचा धागा निघालेला.
शेटच्या मेहुण्यानं स्वतः ओढून काढले.
पंपाच्या खोलीत कोंड ह्याला. मोबाईल घे काढून. सकाळी बघू.

पंपाच्या खोलीला खिडकी नाही.
चावी माझ्या कमरेला.

आमचा नायना गिरणीत होता.
भोंगा झाला की गेटवर रांग, हात वर, दरवानाचे पंजे.
मी डबा घ्यायला जायचो, कुंपणापलीकडून बघायचो.
घरी आल्यावर तो आधी बगला धुवायचा,
मग हात.

काय बघुलालास बे येमुल?

साहेब, मला ते येत नाही.

कडी लावायला काय यायचंय बे त्यात?

मी मनात हिशेब मांडला: दोन नॅपकिन, एकशे दहा रुपये.
पाच हजारांच्या आतली चोरी
नव्या कायद्यात पोलीससुद्धा वॉरंटशिवाय उचलत नाहीत.
हे सगळं बोलायचं होतं. घसा कोरडा.
एवढंच निघालं, की फिर्याद द्या, साहेब,
मी एमआयडीसी ठाण्याला फोन लावतो.

फोन ठेव, म्हणाला मेहुणा. दोनदा म्हणाला.
पोरगा माझ्याकडे असा बघत होता
जशी त्याला धरून द्यायची घाई मलाच.
सुटला तेव्हाही वळून बघितलं नाही त्यानं,
लुनाला किक मारत मारत गेला अंधारात.

रजिस्टरला लिहिलं: दहा वीस. एक इसम बाहेर. पिशवी रिकामी.
नॅपकिन टेबलावर राहिले.
पहाटे मी त्यातल्या एकानं तोंड पुसलं.

आठवड्यात एजन्सीचा फोन. साइट बदलली.
आता विजापूर रोडचं एटीएम, काचेचं,
आत एसी आहे, माझी खुर्ची बाहेर.

घरी शर्ट धुवायला टाकताना
बायकोला खिशात सापडली पंपाच्या खोलीची चावी.
जुडग्यातनं कधी काढली, आठवत नाही म्हणतो मी तिला.
किंमत, नव्या कुलपासकट, दीडशे.
माझ्या डोळ्यांदेखत.