कूलरमध्ये पाणी भरणारा

शनिवारी संध्याकाळी ताट्या बदलतो,
रविवारी साडेसातला टाक्या भरतो.
सदरच्या आमच्या देवळात चार कूलर,
वेदीजवळचा कुरकुरतो.
एकतीस उन्हाळे झाले.
पाळक किती आले-गेले ते त्यांच्या घशावरून सांगतो:
कोणाला कोमट पाणी लागायचं, कोणाला लवंग.

नवे पाळक नहूम शिरसाठ, पुण्याहून शिकून आलेले.
आवाज छान, अडखळत नाहीत.
मे महिन्याच्या पहिल्या रविवारी वेळेच्या नियोजनावर बोलले,
दुसऱ्या रविवारी ताणतणावावर,
तिसऱ्या रविवारी गरुडाची गोष्ट.
लोक हसले. मीही हसलो.
गड्डीगोदामपर्यंत सायकल आली
तर गरुड शेवटी कुठं बसला
तेच आठवेना.

चौथ्या रविवारी मार्थाबाई उजगरे आल्या.
मंगळवारी त्यांचा धाकटा, प्रफुल्ल,
कामठी रोडवर, ट्रकखाली.
कब्रस्तानातला ढिगारा अजून बसला नव्हता.
बाई दुसऱ्या बाकावर, डोक्यावर पदर,
मांडीवर शास्त्र, मिटलेलं.

विषय होता: मन प्रसन्न ठेवा.
कलमं पाच. पडद्यावर सूर्यफुलं.
दुसऱ्या कलमावर लाइट गेली.

सेहेचाळीस डिग्री.
पंखे थांबले, पडदा गेला, माईक मेला.
बाहेर कुल्फीवाल्याची घंटी,
आत पाळकांच्या हातातला कागद, तेवढाच हलत होता.

मार्थाबाई उठल्या नाहीत.
बसल्या जागेवरून,
संत्र्यांचा भाव विचारावा तशा म्हणाल्या,
"पाळकसाहेब, तो उठला का नाही जी?
तेवढं सांगा."

कोण, ते कोणी विचारलं नाही.

त्यांनी चष्मा काढला.
पायरी उतरून खाली आले,
माईकशिवायचा त्यांचा आवाज
आम्ही पहिल्यांदाच ऐकला, बारीक होता.
"मेला," म्हणाले. "खिळ्यांनी. तुमच्यासाठी, माझ्यासाठी.
नुसता झोपला नव्हता, मेला.
पुरला. वर धोंड लोटली.
आणि तिसऱ्या दिवशी..."
इथं घसा धरला. मी पाणी घेऊन निघालो,
त्यांनी हातानंच थांबवलं.
"उठला, बाई.
ह्याच्याशिवाय माझ्याकडं काही नाही."

बाईंनी मान हलवली,
सुटे पैसे मोजून बरोबर निघावेत तशी.
रडल्या नंतर, चपला घालताना.

मला शास्त्र फार कळत नाही.
कूलरचं कळतं.
टाकी कोरडी असली तरी पंखा फिरतो,
आवाज तोच, मागच्या बाकापर्यंत वाराही येतो.
लोक म्हणतात, आज काहून इतकं गदगदतंय बाप्पा,
आणि रुमाल काढतात.

पुढच्या शनिवारी पाळक मागच्या नळावर आले.
बाही दुमडून बादली धरली.
बोलले काही नाही.
मी झाकण काढून दाखवलं:
हे बघा, इथवर.
याच्या खाली गेलं
की पंप ओढत नाही.